शंभर डॉलरमागे सात सेंट

कोल्हापूरला गेलो की एका मित्राच्या घरी चक्कर होतेच. तो नाटकवाला. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी महिनाभर घरातून बेपत्ता. मागच्या खेपेला चहा पिता पिता म्हणाला, "तुमच्याकडं बरं आहे बाबा. सरकारचा काही संबंधच नाही. नाटक चांगलं असंल तर चालतं, नसंल तर पडतं. आमच्यासारखं अनुदानाच्या फायली घेऊन मंत्रालयात चकरा माराव्या लागत नाहीत."

हा समज फक्त त्याचा नाही. अमेरिका म्हणजे बाजार, आणि बाजारात सरकारचं काय काम, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. (इथल्याही बऱ्याच जणांना वाटतं, ती गंमत वेगळीच!) मी गेली बारा-तेरा वर्षं मिनेसोटा राज्यात राहतो. पीएचडी इथंच केली आणि आता वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत संशोधन करतो. नाटकाशी माझा संबंध हौशी, म्हणजे पडदा ओढण्यापासून छोट्या भूमिकांपर्यंत. पण मित्राच्या त्या वाक्यानंतर मी जरा खोलात शिरलो. जे सापडलं ते त्याच्या कल्पनेपेक्षा खूप वेगळं आहे, म्हणून हा लेख.

आधी दिल्लीदरबार, म्हणजे वॉशिंग्टन. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कलेवर पहिला मोठा खर्च केला तो मंदीच्या काळात. १९३५ मध्ये रूझवेल्टनं बेरोजगारांना काम देण्याच्या योजनेतच नट, चित्रकार, लेखक आणि वादक यांनाही कामावर घेतलं. युक्तिवाद साधा होता: रस्ता बांधणाऱ्याला भूक लागते तशी व्हायोलिन वाजवणाऱ्यालाही लागते. जॅक्सन पोलॉक आणि मार्क रॉथको यांनी या योजनेत चित्रं काढली. राल्फ एलिसन, रिचर्ड राइट आणि झोरा नील हर्स्टन यांनी लेखकांच्या विभागात नोकरी केली. या विभागानं, गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या. एवढं एकच काम झालं असतं तरी सगळे पैसे वसूल झाले असते, असं माझं मत आहे.

पण नाटकाच्या विभागावर लवकरच काँग्रेसची वक्रदृष्टी पडली. तिथं कम्युनिस्ट घुसलेत, असा आरोप झाला. १९३८ मध्ये विभागप्रमुख हॅली फ्लॅनगन यांची चौकशी चालू असताना त्यांनी क्रिस्टोफर मार्लो या नाटककाराचं नाव घेतलं. त्यावर एका खासदारानं विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? मार्लो १५९३ साली वारला होता. चौकशीच्या खोलीत हशा पिकला, पण हसून काही उपयोग झाला नाही. १९३९ च्या जूनमध्ये काँग्रेसनं नाटकाचे पैसे बंद केले.

मग पंचवीसएक वर्षं शांतता. २९ सप्टेंबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सननं एका कायद्यावर सही केली आणि त्यातून 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही संस्था निघाली. इथं सगळे तिला एनईए म्हणतात. तिची रचना करताना मागचा धडा लक्षात ठेवला होता. कुणाला पैसे द्यायचे हे राजकारण्यांनी ठरवायचं नाही, त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांच्या समितीनं शिफारस करायची. शिवाय कार्यक्रमांच्या पैशातला ४० टक्के वाटा थेट राज्यांच्या आणि प्रादेशिक कला संस्थांना जातो. आपल्याला जवळचं उदाहरण सांगतो. पारंपरिक कलाकारांसाठी एनईएचा 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' नावाचा सन्मान आहे. १९९७ मध्ये तो उस्ताद अली अकबर खाँ यांना मिळाला आणि १९९९ मध्ये आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांना. सरोद-तबल्याला अमेरिकेची 'पारंपरिक कला' म्हणून सरकारी मान्यता मिळावी, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आता आकडे. (इंजिनिअर माणसाला आकड्यांशिवाय करमत नाही.) २०२४ साली एनईएला मिळाले २० कोटी ७० लाख डॉलर. ऐकायला मोठी रक्कम, पण देशाची लोकसंख्या ३४ कोटी. भागाकार केला की माणशी ६१ सेंट येतात. इथं त्यात कॉफीचा अर्धा कपसुद्धा येत नाही.

तुलनेसाठी माझंच उदाहरण घेतो. माझ्या पीएचडीचा बहुतेक खर्च नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानातून झाला. २०२४ मध्ये या संस्थेचं बजेट ९०० कोटी डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे माणशी साडेसव्वीस डॉलर. तिथंही निवड अशीच होते: अर्ज, जाणकारांची समिती, गुण आणि शिफारस. आणि तिथंही तोच प्रश्न विचारला गेलेला आहे की ट्रक चालवणाऱ्यानं याच्या संशोधनाचे पैसे का द्यावेत? विल्यम प्रॉक्समायर नावाचे एक सिनेटर होते. सरकारी उधळपट्टीसाठी ते दर महिन्याला एक उपहासाचा पुरस्कार जाहीर करायचे. १९७५ सालचा पहिलाच पुरस्कार सायन्स फाउंडेशनला गेला, माणसं प्रेमात का पडतात या अभ्यासाला ८४ हजार डॉलर दिले म्हणून. तेव्हा नाटकवाल्याला 'लोकांच्या पैशावर जगतोस' असं म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. मी सहा वर्षं त्याच पैशावर जगलो आणि डाळ-भात खाल्ला.

पण एनईएचे ६१ सेंट ही अर्धीच गोष्ट. सरकारचा खरा मोठा हात दिसतच नाही. १९१७ पासून अमेरिकेत धर्मादाय देणगीवर करात वजावट मिळते. इथली जवळजवळ सगळी संग्रहालयं, वाद्यवृंद, ना-नफा नाट्यसंस्था (आणि आपली मराठी मंडळंसुद्धा) याच कलमाखाली नोंदलेली असतात. एखाद्या श्रीमंत माणसानं ऑर्केस्ट्राला लाख डॉलर दिले आणि त्याचा कर तीस-पस्तीस हजारांनी कमी झाला, तर ते तीस-पस्तीस हजार कुणाचे? सरकारी तिजोरीत जे आलेच नाहीत, ते सरकारनंच दिल्यासारखं झालं. फरक एवढाच की कुठल्या कलेला द्यायचे हे मंत्र्याऐवजी त्या श्रीमंत माणसानं ठरवलं. मित्राला अमेरिकेत 'सरकार नाही' असं वाटतं त्याचं कारण हेच. सरकार आहे, पण दात्याच्या नावाच्या पितळी पाटीमागे उभं आहे.

आता मिनेसोटाकडे वळतो, कारण या राज्यानं तिसराच मार्ग काढला.

नोव्हेंबर २००८. शेअर बाजार कोसळलेला, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, ओबामा आणि मॅकेन यांची निवडणूक. त्याच मतपत्रिकेवर मिनेसोटाच्या मतदारांना आणखी एक प्रश्न होता: राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर ३/८ टक्क्यानं वाढवायचा का? पंचवीस वर्षांसाठी, २०३४ पर्यंत. वाढीव पैसे चार कामांसाठी: शिकार आणि मासेमारीच्या जमिनी व पाणथळ जागा, तळ्या-नद्यांचं शुद्ध पाणी, उद्यानं आणि पायवाटा, आणि चौथं काम कला व सांस्कृतिक वारसा. शिवाय इथला नियम असा की घटनादुरुस्तीच्या प्रश्नाला उत्तर न देता कोरा सोडला तर ते मत 'नाही' म्हणून धरलं जातं. एवढ्या अडचणीत, मंदीच्या तोंडावर, स्वतःवरच कर वाढवून घ्यायला ५६ टक्के लोक 'हो' म्हणाले!

हे कसं झालं? एकट्या कलेसाठी मत मागितलं असतं तर बहुधा पडलं असतं. पण इथली युती मोठी मजेची होती. एका बाजूला बदकांची शिकार करणारे आणि गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे पकडणारे लोक, दुसऱ्या बाजूला वाद्यवृंद आणि नाटकवाले. एरवी यांची भेट कुठल्या लग्नातही व्हायची नाही. त्यांनी एकमेकांचा हात धरला आणि दोघंही तरले.

माझा आवडता हिशेब सांगतो. मी शंभर डॉलरचं बर्फ ढकलायचं यंत्र घेतलं (जुनं, हे उघड आहे) तर या दुरुस्तीपोटी साडेसदतीस सेंट जातात. त्यातला कलेचा वाटा १९.७५ टक्के, म्हणजे सात सेंट आणि थोडे. शंभर डॉलरमागे सात सेंट. किराणा आणि कपडे यांवर इथं विक्रीकर नाही, त्यामुळे गरिबाच्या भाजी-दुधातून हे पैसे जात नाहीत. तरीही विक्रीकर तो विक्रीकरच. गरीब माणसाच्या कमाईतला मोठा हिस्सा खर्च होतो, त्यामुळे त्याला तो जास्त लागतो. ही टीका मला रास्त वाटते.

या सात-सात सेंटांतून राज्याचं कला मंडळ, अकरा प्रादेशिक कला परिषदा, इतिहास मंडळ, ग्रंथालयं आणि सार्वजनिक दूरदर्शन यांना पैसे मिळतात. राज्यात ८७ काउंटी आहेत आणि प्रत्येक काउंटी कुठल्या ना कुठल्या परिषदेखाली येते. कॅनडाच्या सीमेवरच्या हजार वस्तीच्या गावातल्या हौशी गायनमंडळालाही अर्ज करायला जागा आहे. कुणाला किती दिले याची यादी कुणालाही पाहता येते. दुरुस्तीत आणखी एक शहाणपणाची अट आहे: हे पैसे आधीच्या खर्चात भर म्हणून वापरायचे, त्याच्या बदली नाही. 'आता तुम्हाला हे मिळतात ना, मग जुनं अनुदान बंद' असं करता येत नाही.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. मे २०१० मध्ये स्टिलवॉटर गावच्या ग्रंथालयासाठी नील गेमन या प्रसिद्ध लेखकाचं एक भाषण झालं. मानधन ४५ हजार डॉलर, या निधीतून. बातमी फुटली तसा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी इथल्या विधानसभेतल्या बहुमतवाल्या पक्षनेत्यानं गेमनला जाहीरपणे चोर ठरवलं, वर त्याच्या मानेवरून शेलकी विशेषणं लावली, आणि मग त्याला माफी मागावी लागली. गेमननं ते पैसे दान केल्याचं सांगितलं. हे सगळं वाचताना मला साहित्य संमेलनाच्या मांडवातच बसल्यासारखं वाटलं.

आता आमची गोष्ट. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पाच-सहा जणांच्या डोक्यात आलं की दोन मराठी एकांकिका सार्वजनिक सभागृहात कराव्यात. वरच्या पडद्यावर इंग्रजी ओळी, म्हणजे शेजारीपाजारीही येतील. खर्चासाठी एका स्थानिक अनुदान संस्थेकडे पाच हजार डॉलरचा अर्ज करावा, असं ठरलं. मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि काका उभे राहिले.

काका म्हणजे मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. १९७४ मध्ये इथं आले, तेव्हा शहरात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिला गणपती त्यांच्या तळघरात बसला. ते म्हणाले, "पन्नास वर्षं आपण आपल्या खिशातून केलं. कुणाकडे हात पसरला नाही. आज पाच हजारांसाठी सरकारचे मिंधे व्हायचं?"

मिंधे. त्या एका शब्दानं बैठक थंड झाली. मराठीत हा शब्द फार जड आहे. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द शोधून पाहा, 'उपकारबद्ध'च्या आसपास काहीतरी मिळेल, पण त्यातली मान खाली घालायची भावना येत नाही.

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मागे मोठी परंपरा आहे. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणी लागलेली, आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्याच व्यासपीठावर दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. सरकारी पुरस्कार-सन्मान तर त्यांनी त्यानंतर दूरच ठेवले. मिंधं न होण्याची किंमत काय असते आणि ती कशी मोजायची, हे आपल्याला त्यांनी दाखवलं. काका त्या पिढीचे, त्यांना हे पाठ आहे.

तरी मी बैठकीत दोन गोष्टी बोललो. एक म्हणजे, काका, तुम्ही मंडळाला दरवर्षी जी घसघशीत देणगी देता, तिची करात वजावट घेताच ना? मग सरकारचे थोडे पैसे मंडळात पन्नास वर्षं येतच आहेत. दुसरी म्हणजे, हे पैसे सरकारचे नाहीतच, आपण दुकानात भरलेले सात-सात सेंट आहेत. काका हसले. म्हणाले, "मी २००८ ला 'हो' म्हणून मत दिलं होतं रे. पण ते तळ्यांसाठी. नाटकासाठी नाही." (काका मासे खात नाहीत, पण पकडतात आणि परत सोडतात. मिनेसोटात पन्नास वर्षं काढल्याचा परिणाम.)

शेवटी बहुमतानं अर्ज गेला. अर्ज म्हणजे नुसतं दयापत्र नव्हतं. कशासाठी, कुणासाठी, अंध-अपंग प्रेक्षकांची सोय काय, पैसे मिळाले नाहीत तर काय कराल, खर्चाचा रकानावार तपशील. अर्ज करताना आमच्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी एरवी नाटक बसवतानाही होत नाही.

निवड समितीची बैठक खुली होती. अर्जदारानं बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मी रजा काढून गेलो. टेबलाभोवती सात माणसं होती. निवृत्त संगीत शिक्षिका, गोष्टी कापडावर भरतकामात मांडणारी एक ह्मोंग बाई, एक सोमाली कवी, एक हिशेबनीस, आणखी तिघं. कुणीही मंत्री नाही, नगरसेवक नाही, त्यांचा मेहुणा नाही. आमच्या अर्जावर नऊ मिनिटं बोलणं झालं. (मी घड्याळ लावून बसलो होतो.)

खर्चाच्या तक्त्यात सभागृहाचं भाडं होतं, ध्वनीचं होतं, छपाईचं होतं. 'कलाकारांचं मानधन' या रकान्यात आमच्या खजिनदारांनी मोठ्या अभिमानानं शून्य लिहिलं होतं. सगळे हौशी, सगळे सेवाभावी. भरतकामवाल्या बाईंनी तो कागद वर धरला आणि शांतपणे विचारलं, खुर्च्या लावणाऱ्याला पैसे आहेत, दिवेवाल्याला आहेत, मग ज्याच्यामुळे लोक येणार त्यालाच शून्य का? हिशेबनीस म्हणाला, या लोकांनी इतकी वर्षं आमच्या पैशाशिवाय छान चालवलंय, आमच्या पैशानं नेमका काय फरक पडेल हे अर्जातून कळत नाही.

त्या वर्षी आम्हाला अनुदान मिळालं नाही. काकांनी "बरं झालं" म्हटलं, पण मला त्या नऊ मिनिटांचं मोल पाच हजारांहून जास्त वाटलं. आमचा तबलजी हा शिकवण्या करून घर चालवणारा तरुण मुलगा. दहा वर्षं आमच्या प्रत्येक कार्यक्रमात तो फुकट वाजवत आला होता, आणि आम्ही त्याला शाल-श्रीफळ देऊन टाळ्या वाजवत होतो. आम्ही सगळे पगारदार. आमची हौस म्हणजे आमची हौस, पण त्याचा तो धंदा आहे, हे आमच्यापैकी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. त्यात तबल्याचं, पेटीचं, इंग्रजी ओळी लिहिणाऱ्या मुलीचं मानधन होतं, आणि लेखकांच्या वारसांचंही. या वेळी अनुदान मिळालं. प्रयोगाला दोनशेवर लोक आले, त्यातले तिसरा हिस्सा अमराठी. प्रवेश मोफत होता. काका पहिल्या रांगेत बसले आणि जाताना देणगीपेटीत वीसची नोट टाकून मला म्हणाले, "मी मिंधा नाही हां."

पण मला सर्वांत जास्त आठवतं ते पत्रकावरचं एक वाक्य. या निधीतून पैसे घेतले की ते छापावंच लागतं. मजकूर साधारण असा: हा कार्यक्रम मिनेसोटाच्या मतदारांमुळे शक्य झाला. राज्यपालांचा फोटो नाही, आमदारांचं 'सौजन्य' नाही, 'यांच्या अथक प्रयत्नांतून' नाही. आभार मतदारांचे. मिंधं व्हायचंच असेल तर माणसानं कुणाचं व्हावं, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे: समोर बसलेल्या लोकांचं.

यावरून आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहवत नाही. कलेला राजाश्रय म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवलं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं आणि शेजारीच कुस्तीचं खासबाग मैदान. तेच पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. स्वतंत्र महाराष्ट्रानंही कंजूषपणा केला नाही. १९६० मध्येच साहित्य संस्कृती मंडळ निघालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. मराठी विश्वकोश त्यातूनच उभा राहिला. राज्य नाट्य स्पर्धेनं तर गावोगावच्या पोस्टमन-शिक्षक-कारकुनांना नट केलं. हे सगळं सरकारी पैशातून झालं, आणि चांगलं झालं.

पण त्याच सरकारच्या दुसऱ्या हातात कात्री. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जायची. १९७२ च्या 'सखाराम बाइंडर'चं काय झालं आणि कमलाकर सारंगांना कोर्टात किती लढावं लागलं, हे आपल्याला माहीत आहे. आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये, अनघा लेले यांना कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनुवादासाठी राज्य सरकारचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरात शासन निर्णय काढून तो रद्द केला गेला. निवड समितीही बरखास्त. काही लेखकांनी मंडळांचे राजीनामे दिले. पुरस्कार एक लाखाचा होता, पण प्रश्न लाखाचा नव्हता. जाणकारांनी निवडायचं आणि सरकारनं हात मागे ठेवायचा, हा करारच मोडला.

'अमेरिकेत असं होत नाही' असं म्हणायची मला सोय नाही. १९८९ मध्ये सेरानो आणि मॅपलथॉर्प यांच्या छायाचित्रांवरून इथं असाच आगडोंब उसळला होता. पुढच्या वर्षी एनईएच्या कायद्यात 'शालीनते'चं कलम आलं, चार रंगकर्मी कोर्टात गेले, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम कायम ठेवलं. मधल्या काळात, १९९६ मध्ये, एनईएचं बजेट ९ कोटी ९५ लाखांवर आणलं गेलं आणि साहित्यिक व काही सन्मान सोडले तर एकेकट्या कलाकाराला अनुदान देणंच बंद झालं. आणि २ मे २०२५ च्या शुक्रवारी, ज्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी एनईए बंदच करण्याचा प्रस्ताव मांडला त्याच संध्याकाळी, देशभरच्या नाट्यसंस्था, छोटी प्रकाशनं आणि नियतकालिकांना ईमेल आले: तुमचं मंजूर झालेलं अनुदान रद्द. त्याच वसंतात सायन्स फाउंडेशनचीही शेकडो अनुदानं रद्द झाली. साडेसव्वीस डॉलरवाले आणि ६१ सेंटवाले एकाच रांगेत उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जाणकारांची समिती ही काही लोखंडी भिंत नाही. वरच्यांनी ठरवलं की ती कागदाची असते.

मिनेसोटातले सात सेंट मात्र एका ईमेलनं बंद करता येत नाहीत, कारण ते राज्यघटनेत आहेत आणि तिथं मतदारांनी घातलेत. इथल्या छोट्या संस्था तग धरून राहिल्या त्या अशा की त्यांचे खिसे अनेक होते: थोडे केंद्राचे, थोडे राज्याचे, थोडे दात्यांचे, थोडे तिकिटाचे. एका खिशावर अवलंबून असलेली संस्था मिंधी होते, मग तो खिसा मंत्र्याचा असो, उद्योगपतीचा असो वा आमच्या काकांसारख्या प्रेमळ माणसाचा. (मंडळात कुठली एकांकिका करायची हे पन्नास वर्षं कोण ठरवत होतं, हे मी इथं लिहीत नाही.)

२०३४ मध्ये ही पंचवीस वर्षं संपतील आणि पुढं चालू ठेवायचं तर पुन्हा मतदारांकडे जावं लागेल. मी अजून या देशाचा नागरिक नाही. सात सेंट मी दर शंभराला भरतो, पत्रकावरच्या आभारांत मात्र मी नाही. काकांना मात्र मत आहे. या वेळी कशासाठी देणार, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "बघू. तळी तर आहेतच."

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो गप्प बसला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा तो रस्त्यावर उभा होता, आणि मी इथं ऑफिसमध्ये फोनवर ज्वाळा बघत होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सरकारनं पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि तो करायलाच हवा होता. पण मी त्याला म्हटलं, आता निधी किती कोटींचा यावर भांडू नका. त्या इमारतीत हौशी संघाला तारीख कशी मिळणार, भाडं किती, आणि ते ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसणार, हे आत्ताच विचारा. आणि ती बैठक खुली ठेवा म्हणावं. बोलू देऊ नका हवं तर, नुसतं ऐकू द्या.

"आणि पाटीवर काय लिहायचं?" त्यानं विचारलं.

म्हटलं, कोल्हापूरच्या लोकांमुळे, एवढं लिहा. बास.